नकाबामागचा गादीवाला

त्या वर्षांत उमरखेडात बाहेरगावची गाडी शिरली, की माणसं आपसूक चेहरे पाडून उभी राहत. कापसाने सगळ्यांनाच जमिनीवर आणलं होतं. पाहणीवाले, पेपरवाले, कॅमेरेवाले येत, तेच ते विचारत आणि दिवस मावळायच्या आत परत फिरत. त्यामुळे पुण्याच्या नंबरची गाडी गादीच्या दुकानासमोर थांबली, तेव्हा नाहिदने शिवायला घेतलेली रजई बाजूला सारली आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "आमची शेती नाई जी. आम्ही गादीवाले."

गाडीतून उतरलेली मुलगी हसली. "शेतीचं नाही विचारायचं. ‘नीला पहरेदार’चं विचारायचंय."

नाहिदने बाजूला सारलेली रजई पुन्हा मांडीवर ओढली.

‘नीला पहरेदार’ ही टीव्हीवरची मालिका आज कुणाला आठवत असेल, तर त्याच्या स्मरणशक्तीला सलाम. निळा नकाब बांधून गुंडांना बदडणारा एक बहाद्दर. ना धड गोष्ट, ना धड मारामारी. लोकांनी पोट धरून हसून घेतलं आणि चार-पाच महिन्यांत मालिका गुंडाळली गेली. नाहिदचा नवरा इम्तियाज तेव्हा मुंबईत होता. परत येऊन त्याने बापाचं कापूस पिंजायचं यंत्र हातात घेतलं आणि गावाला सांगितलं, की त्या नकाबामागे मधूनमधून मीच असायचो, छपरावरून मारलेली ती उडी माझीच. आता नकाबाला कुठून चेहरा आणणार? गावाने त्याला थापाड्या ठरवलं आणि विषय संपवला.

गावाचं काय, हसून आपापल्या घरी जायचं. नाहिदला मात्र त्याच माणसाच्या शब्दावर संसार ओढायचा होता. नवी गादी कुणी भरून घेत नव्हतं, लोक जुनाच कापूस पुन्हा पिंजून नेत, आणि इम्तियाज रोज म्हणे, "होते सगळं बराबर. आपल्या मेहनाजले शिकवूच आपण." मेहनाज त्यांची एकुलती लेक. उडी खोटी असेल, तर हे तरी खरं कशावरून? नाहिदने हा प्रश्न कधी तोंडाबाहेर काढला नाही, पण तो तिच्या मनातून गेलाही नाही.

पाहुणे दोघे होते. आभा आणि मंदार, यवतमाळात वाढलेली भावंडं, नोकरीपायी पुण्याला गेलेली. लहानपणी ही मालिका बघून खिदळलेले आणखी काही जण त्यांना इंटरनेटवर सापडले होते, आणि उमरखेडचा एक गादीवाला स्वतःला पहरेदार म्हणवतो, हेही तिथेच कुणीतरी सांगितलं होतं. ही सगळी कमावती माणसं एकेक भाग पुन्हा बघत आणि वाद घालत, की आपण तेव्हा उगाच हसलो का? नाहिदला मोठं नवल वाटलं. एवढ्यासाठी एवढं पेट्रोल? पण त्यांना काय सापडलं ते ऐकायला तिचेही कान टवकारले होते.

इम्तियाज नाकातोंडावरचं फडकं खाली ओढत यंत्रावरून उठून आला. स्वारी भलतीच खुशीत. बसल्या बसल्या त्याने उडी अशी रंगवली, की दुकानाचं छप्पर बुटकं वाटू लागलं.

मंदारने सगळं ऐकून घेतलं. मग जरा संकोचून म्हणाला, "काका, ती उडी मारणारे आम्हाला वसईला भेटले. त्यांच्याकडे शूटिंगचे फोटो आहेत."

इम्तियाजने फडकं पुन्हा नाकावर ओढलं. नाहिदला राग आला, लाज वाटली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला धक्का बसला नाही.

"जाऊ द्या ते," आभाने घाईघाईने लॅपटॉप उघडला. "आमचं खरं भांडण या प्रसंगावरून आहे."

पडद्यावर एक गोदाम. गुंड मागे लागलेले, समोर कापसाचा ढीग. पहरेदार धावत ढिगापर्यंत येतो, थबकतो, एका पायाने दुसऱ्या पायातला जोडा उतरवतो, मग दुसरा, वाकून दोन्ही नीट जोडीने कडेला ठेवतो आणि मग वर चढून मारामारीला लागतो. सारा देश हसला होता तो इथेच.

"आम्हीही हसलो होतो," आभा म्हणाली. "आता मला वाटतं, अख्ख्या मालिकेत एवढीच एक गोष्ट खरी आहे. मंदार म्हणतो, ही नुसती चूक. मी म्हणते, पहरेदार कुठला कोण, ते इथे कळतं."

"पुन्हा लावा बरं," नाहिद म्हणाली.

तिने पुन्हा पाहिलं. तो डावा खांदा पाडून वाकणं, ते टाचा भिंतीकडे करून जोडे ठेवणं. हे ती रोज दुकानाच्या दारात बघत होती. चहाच्या निमित्ताने ती उठली आणि नवऱ्याला नजरेनेच आत बोलावलं.

"थे तुम्ही होते."

इम्तियाजने मान खाली घातली. "हाव."

"मंग काहून नाई सांगतलं? उडी कायले सांगत फिरले?"

"डायरेक्टरनं लई शिव्या देल्या. पुन्हा घ्यायले टाईम नोता, म्हणून तसंच राहू देलं. सगळे हासले." तो अडखळला. "अन् लग्न झालं तवा म्या तुले इचारलं, पहरेदार पाह्यला का? तू म्हणली, जोडे काढनारा येडा, थोच ना? डोयात पानी येईस्तोर हासली तू. मंग म्या उडी सांगतली."

नाहिदला आठवलं. फुलसावंगीला माहेरी तिने तो भाग पाहिला होता. नव्या नवऱ्याशी बोलायला काहीतरी सापडलं, या आनंदात ती त्या दिवशी जरा जास्तच हसली होती. त्याच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं.

चहा घेऊन दोघं बाहेर आली. इम्तियाज बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "थो जोडेवाला मी होतो."

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. एक थाप पकडली गेली, की माणूस लगेच दुसरी काढतो, हे दोघांच्याही चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी आभाला राहवलं नाही. "मग काढले कशाला?"

"कशाले म्हंजे? कापूस होता ना समोर," इम्तियाज म्हणाला. "त्याच्यावर जोडे घालून कसा चढू? पायच थांबले."

आभा पुढे सरकून बसली. मंदारला मात्र पटेना. त्याने नाहिदकडे पाहिलं. "खरं का हो, काकू?"

या एका बाबतीत नवऱ्याची बाजू नाहिदने आजवर कधी घेतली नव्हती.

"उडीची थाप त्याइनं माह्यापाई मारलती," ती म्हणाली. "जोडे खरे हायेत."