बाबांसाठी मोहितो

आई गेली तेव्हा मी प्रवासी जहाजावर बारमध्ये कामाला होतो. बहिणीचा निरोप आला. जहाज बंदराला लागायला तीन दिवस होते आणि इकडे वसईत दफन दुसऱ्या दिवशी. मॅनेजर म्हणाला, ‘‘केबिनमध्ये जाऊन पड.’’ पडून काय करायचं ते कळेना, म्हणून मी बारमागेच उभा राहिलो. उकाडा होता. जो तो मोहितो मागत होता. पुदिना, लिंबू, साखर, रम, बर्फ, सोडा. मी करत राहिलो. एका गिऱ्हाइकाच्या विनोदावर हसलोसुद्धा.

करार संपवून घरी आलो तो चार महिन्यांनी. कबरीवर फुलं ठेवली, मेणबत्ती लावली. थोडा वेळ थांबलो. काही झालं नाही.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही ओट्यावर बसलो होतो. बाबा निवृत्त शिक्षक. प्रश्न सरळ विचारायचे.

‘‘आई गेली त्या दिवशी तू काय करत होतास?’’

मी सांगितलं.

‘‘कसं असतं ते? करून दाखव.’’

घरात पाहुण्यांसाठी आणलेली काळी रम होती. मोहितोला पांढरी लागते, पण चाललं असतं. पुदिना बाजारातून आणलेला होताच. पितळी खलबत्त्यात पानं, साखर आणि लिंबाच्या फोडी हलक्या हाताने चेचल्या.

‘‘वाटायचं नाही?’’ बाबांनी विचारलं.

‘‘नाही. वाटलं की कडू होतं.’’

रम, बर्फ, वर सोडा. रंग गढूळ आला. बाबांनी दोन घोट घेतले.

‘‘असे किती केलेस?’’

‘‘मोजले नाहीत.’’

त्यांनी केळींच्या वाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘दफनाहून आलो, तर घर माणसांनी भरलेलं. मी मागच्या दाराने गेलो आणि मोटार चालू करून केळींना पाणी सोडलं. तुझी बहीण आजही नीट बोलत नाही माझ्याशी.’’

त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला.

‘‘बरं आहे. पण पुदिना दातात अडकतो.’’

उरलेलं मी प्यायलो. गार होतं, एवढंच कळलं. आतून बहिणीने हाक मारली, जेवण वाढलंय म्हणून. आम्ही दोघं उठलो आणि हात धुवायला गेलो.