अळ्या उठल्या का?

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत साक्षी गाड्या लावायचं काम करायची. कोणत्या ट्रकमध्ये कोणतं बियाणं भरायचं आणि तो कुठल्या गावाला सोडायचा, हे तिच्यासमोर संगणकावर यायचं. तिनं बटन दाबलं की गोदामातली माणसं हलायची. काम बरं होतं, पगार वेळेवर होता. पण ते सगळं कुणीतरी दूर कुठं बसून आखलेलं होतं. त्यात ढळढळीत चूक दिसली तरी साक्षीला हात लावायची मुभा नव्हती, आणि हे तिला चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहायचं.

त्या कंपनीसाठी बीजोत्पादन करणारा केदारखेड्याचा कल्याण तिच्या ओळखीचा होता. चाळिशीचा, बोलका गडी. त्यानं बायको मीनाला सोबत घेऊन गावात रेशमाची चॉकी करायला घेतली होती. म्हणजे रेशीमकिड्याची अंडी आणायची, अळ्या बाहेर पडल्या की कोवळा तुतीचा पाला बारीक चिरून त्यांना घालायचा, दोनदा कात टाकेपर्यंत लेकरागत सांभाळायचं आणि मग शेतकऱ्यांच्या शेडवर नेऊन द्यायचं. पुढं वाढवून कोष काढणं हे शेतकऱ्याचं काम. अळी एवढीशी असताना जपणं जिकिरीचं, म्हणून चॉकीला, म्हणजे अशा सांभाळून वाढवलेल्या लहान अळ्यांना, मागणी येत गेली. भोकरदनापासून अंबडापर्यंत गिऱ्हाईक झालं, आणि गिऱ्हाइकाच्या जोडीनं गोंधळही वाढला.

"साक्षीताई, तुमच्या कंपनीत कसं बराबर चालतं, तसं आमचं करून द्या," एक दिवस कल्याण म्हणाला. "माझ्या डोक्यात हाये सगळं. पण डोकं एकच हाये."

"अन् तेबी टेम्पो चालवताना फोन उचलत न्हाई," शेजारी बसलेली मीना म्हणाली.

साक्षीनं आधी नुसतं जाऊन बघितलं, मग पुन्हा गेली, आणि शेवटी कंपनी सोडून त्या दोघांच्या धंद्यात तिसरी भागीदार झाली. घरी आई कांताबाईंनी दोन दिवस अबोला धरला. वडील तातेराव रोलिंग मिलमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. ते सकाळी विहारातून आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "पक्की नौकरी सोडून किड्यांच्या मागं चालली तू. तुला त्यातलं कळतं काय?"

"किड्यांचं मीनावहिनीला कळतं, बाबा. कोणतं काम कशाच्या मागं लावायचं, ते मला कळतं."

तातेराव पायरीवरून उठले. "मंग ठीक हाय," म्हणाले. "आमच्या मिलमध्ये तेच कुणाला कळत नव्हतं."

पहिला महिनाभर साक्षीनं संगणक उघडलाच नाही. ती बसनं केदारखेड्याला जायची आणि दिवसभर मीनाच्या मागं फिरायची. शेडच्या बाहेरच्या भिंतीवर तिनं कोळशानं एका ऑर्डरची वाट काढली. शेतकऱ्याचा फोन आला इथून सुरू, टेम्पो त्याच्या दारात थांबला इथं शेवट. मधल्या वाटेत जिथं म्हणून कुणाच्या तोंडून "मला कुणी सांगितलंच न्हाई" असं निघे, तिथं ती फुली मारी. अंडी किती मागवायची हे कल्याणला ठाऊक, मीनाला नाही. ट्रे किती रिकामे हे मीनाला ठाऊक, कल्याणला नाही. शेतकऱ्याचं शेड धुऊन झालंय का, हे दोघांनाही नाही. भिंत फुल्यांनी भरली.

"ताई, येणारे-जाणारे वाचून राह्यलेत," कल्याण ओशाळून म्हणाला. "पुसता का जरा?"

"फुल्या संपल्या की आपोआप पुसल्या जातील, दादा."

मग तिनं बांधायला घेतलं. पहिला नमुना सपशेल फसला. तिनं शेतकऱ्यांसाठी फोनवर एक देखणा तक्ता केला होता, ऑर्डर भरायची, तारीख निवडायची. पण तो कुणी उघडलाच नाही. लोक जसे फोन करत होते, तसेच करत राहिले. साक्षी दोन दिवस हिरमुसली आणि मग तिनं बाजू उलटी केली. शेतकऱ्यानं फोनच करायचा. भरायचं ते फोन घेणाऱ्यानं. तिघांच्या फोनवर एकच तक्ता, ओळ भरली की तिघांनाही दिसणार. अंडी कधी फुटली ही तारीख टाकली की चॉकी कधी निघेल, हे तक्ता आपणच काढणार आणि आदल्या दिवशी शेतकऱ्याला निरोप जाणार. वाचायचा कंटाळा असणारे बरेच होते, म्हणून निरोप मीनाच्या आवाजात भरून ठेवला. "रामराम. तुमची चॉकी उद्या सकाळी येती. पाला तोडून ठेवा." काही जण त्या निरोपाशी बोलायला लागले. एका म्हाताऱ्या बाबांनी उलट निरोप धाडला, "येऊ दे बाई, तुझी तब्येत बरी हाय ना?"

दिवाळीपर्यंत गाडं रुळावर आलं. कल्याण टेम्पो चालवताना गाणी ऐकायला लागला. डिसेंबरात मात्र थंडीनं हिसका दाखवला.

त्या आठवड्यात कडाक्याचा गारठा पडला आणि त्यातच वीज गेली. चॉकीच्या खोलीतले हीटर बंद पडले. अळी कात टाकण्याआधी निपचित पडते, खात नाही, हलत नाही. शेतकरी म्हणतात, झोपली. गारठ्यात ती जास्त झोपते, आणि झोपलेली अळी हलवून चालत नाही. तक्त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं तारीख पाहिली आणि ठरल्याप्रमाणे निरोप सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी साक्षी शेडवर पोचली तर मीना ट्रेपाशी उभी होती. "एकबी उठली न्हाई," ती म्हणाली. "आजचा दिवस हात लावायचा न्हाई."

साक्षीनं फोन काढला. तिनं एकेका शेतकऱ्याला फोन लावायला घेतले. बहुतेकांनी समजून घेतलं. अंबडजवळचे अण्णासाहेब तेवढे समजुतीच्या पलीकडं गेले होते. त्यांची ही पहिलीच खेप. निरोपात पाला तोडून ठेवा म्हटलं होतं; किती, ते म्हटलं नव्हतं. त्यांनी मजूर लावून जवळजवळ अर्ध्या एकराची तुती कापून ठेवली होती.

"बाई, पाला तोड म्हणलं, तोडला," अण्णासाहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आता हा डोंगर मी खाऊ का काय करू?"

"तात्पुरती ओली पोती टाकून ठेवा. मी करते काहीतरी."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. काहीतरी म्हणजे काय? ती तक्ता उघडून बसली. बघता बघता तिला दिसलं, की कुणाला चॉकी कधी दिली हे त्यात आहे, म्हणजे कुणाच्या अळ्या आज केवढ्या झाल्या असतील तेही आहे. मोठी अळी बकासुरासारखी खाते. अंबडच्याच बाजूच्या सोनूबाईंच्या अळ्या आता शेवटच्या टप्प्यावर असणार. तिनं फोन लावला.

"मावशी, पाला पुरतोय का?"

 "तुला कुणी सांगितलं?" सोनूबाई म्हणाल्या. "दोन दिवसाचा कमी पडून राह्यला. आत्ता शेजारच्या गावात विचारायला निघाल्ते."

दुपारपर्यंत अण्णासाहेबांच्या छोट्या ट्रॅक्टरवरून पाला सोनूबाईंच्या शेडवर गेला. पाल्याचं काय घ्यायचं-द्यायचं ते त्या दोघांनी आपसांत ठरवलं. अण्णासाहेबांची तुती दोन एकर होती, म्हणून त्यांचंही निभावलं. उलट सोनूबाईंचं भरलेलं शेड पाहून आणि त्यांना नाना प्रश्न विचारून ते परत आले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "जाऊन आल्तो. बाईनं लई गोष्टी दाखवल्या. बरं, माझ्या अळ्या झोपेतून उठल्या का?"

त्या आठवड्यात साक्षीनं तक्त्याची मोडतोड केली. तारखेवरून निरोप जाणं बंद झालं. त्या जागी एक बटन आलं आणि त्यावर तिनं लिहिलं, "उठल्या". मीनानं ट्रे बघायचा, खात्री झाली की बटन दाबायचं, मगच निरोप निघणार. त्यात पाला किती तोडायचा तेही असणार. शिवाय पाल्याचं एक नवं पान झालं. ज्याच्याकडं जास्त त्यानं कळवायचं, ज्याला कमी त्यानंही. ते पान आखताना कंपनीतल्यासारखं कुणाला विचारावं लागलं नाही. पुढं उन्हाळ्यात तर चॉकीपेक्षा पाल्याचेच फोन जास्त आले.

त्याआधी, मार्चमध्ये साक्षीला ताप आला. सात-आठ दिवस अंगात त्राण नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं उशाला फोन घेतला तर कांताबाईंनी तो काढून घेतला. तिसऱ्या दिवशी डोकं जरा हलकं झालं, तेव्हा तिनं मागून घेतला आणि तक्ता उघडला. नव्या खेपेच्या ओळी समोर होत्या. ती बघत असतानाच पहिली ओळ हिरवी झाली. मीनानं बटन दाबलं होतं. थोड्या वेळानं दुसरी, मग तिसरी. टेम्पोसमोर कल्याणचं नाव आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हिरव्या ओळींपुढं 'पोचल्या' असंही लागलं. कुणीही तिला फोन केला नव्हता.

तिला जरा चुटपुट लागली. आपल्यावाचून काही अडलं नाही, हे माणसाला आवडतंच असं नाही. मग तिच्या लक्षात आलं की कंपनीत असताना तिला नेमकं हेच हवं होतं, आपल्या हातानं बांधलेलं काहीतरी असं आपोआप चाललेलं बघायला.

तातेराव खुर्ची ओढून जवळ बसले आणि चष्मा लावून त्यांनी फोनमध्ये डोकावलं.

"हे हिरवं काय हाय?"

"अळ्या उठल्या अन् पोचल्या, बाबा."

"कुणी पोचवल्या?"

"कल्याणदादांनी. वहिनींनी सांगितल्यावर."

"अन् तू?"

"मी झोपल्ते."

तातेराव हसले. कांताबाई आतून पेजेची वाटी घेऊन आल्या. साक्षीनं फोन पालथा घातला आणि कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखी पेज प्यायली.