चार नंबरचा साचा

मंडळी, मी पक्का सिव्हिलवाला. भूतबीत माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. जे टेपने मोजता येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा… असं गेल्या वर्षीपर्यंत मी तोंड वर करून सांगायचो.

अंबरनाथ पूर्वेहून बदलापूरकडे जाताना आमचं यार्ड होतं. तिथे रस्त्याकडेचे काँक्रीटचे बॅरियर ओतायचे. लांबी तीन मीटर, उंची नव्वद सेंटिमीटर, रुंदी खाली साठ, वर वीस. म्हणजे एका बॅरियरला एक पूर्णांक शून्य आठ घनमीटर माल. अर्ध्या घनमीटरच्या दोन बकेट आणि वर दहा लिटरची आठ घमेली.

चार नंबरचा साचा मात्र एका सोमवारपासून दोन बकेटमध्येच काठोकाठ भरायला लागला. ऐंशी लिटर माल रोज उरायचा. साचा मी स्वतः मोजला – मिलिमीटरचा फरक नाही. बॅरियरचं वजनही इतरांइतकंच. म्हणजे आत काहीतरी भरलं जात होतं.

ओतकाम नामदेव मिस्त्रीकडे. वांगणीचा, पन्नाशीचा, धिप्पाड गडी. काही टोळ्या माल वाचवायला साच्यात दगड ढकलतात, म्हणून मी थेट त्याच्यावर घसरलो.

“सायेब, पोरांची शपथ, एक दगड टाकला नाय.”

“मला शेंडी लावतोस?” माझं डोकं फिरलं. माल ठासायची लोखंडी सळई हातात होती, तीच त्याच्या कानशिलावर हाणली. एकदा नाही, तीनदा. कान फाटला, रक्त ताज्या काँक्रीटवर सांडलं. तो घमेलं उचलून कामाला लागला. लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी क्रेनची साखळी तुटली आणि चार नंबरमधून निघालेला बॅरियर त्याच्या अंगावर आला. छाती पार चेपली. त्याला काढायला बॅरियर ब्रेकरने फोडावा लागला. मी तुकडा न् तुकडा पाहिला… दगड नव्हता. नुसतं घट्ट काँक्रीट.

काम परत सुरू झालं तेव्हा चार नंबरने दोन बकेट आणि आठ घमेली घेतली, इतरांसारखीच. ऐंशी लिटर म्हणजे साधारण नामदेवच्या अंगाएवढी जागा, हे तेव्हा सुचलं. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

दहाव्याला वांगणीला गेलो. त्याची बायको समोर येऊन बसली.

“तीन दिस धड जेवले नाय. सारखं म्हणायचे, सायेबांनी फोडून बघावं. निघाले का दगड?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग मारलंत कशाला?”