‘हरवले’च्या वरचा शब्द

“भाऊ, अजून मोठ्ठं करा,” सोपान माझ्या खुर्चीमागं उभा राहून म्हणाला.

मी जालन्यात फ्लेक्स डिझाइन करतो. सोपान एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्याच्या ऑफिसात कामाला. त्याचे वडील विसरभोळे झालेले. आदल्या दिवशी त्यानं त्यांना जांब समर्थला दर्शनाला नेलं आणि गर्दीत हात सुटला. स्क्रीनवर त्यांचा फोटो होता, वर ‘हरवले आहेत’.

“अक्षरं वाढवली तर फोटो लहान होतो.”

“मंग शब्द मोठा टाका. असं कोण बघतंय?”

मोठे शब्द हीच आमची कमाई. पूर्वी कार्यक्रम नुसता असायचा. मग एकानं भव्य केला, दुसऱ्यानं अतिभव्य, तिसऱ्यानं महाभव्य. आता ‘भव्य’ लिहिलं तर गिऱ्हाईक रुसतं. पण ‘हरवले’च्या वर मला काही सापडेना. अतिहरवले? माणूस हरवला की हरवला. धंद्याची चीड आली. शेवटी तेच दोन शब्द ठेवले, काळ्यावर पिवळे. सोपाननं फ्लेक्स रहदारीच्या वाटूर फाट्यावर लावला.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. “भाऊ, आमच्यावर कुणीतरी वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकून दिला! काढायला गेल्तो, तर पोरं अंगावर आली.”

त्यानं फोटो पाठवला. ‘महाविराट अभीष्टचिंतन सोहळा’. आमच्याच मशीनवर निघालेला. मी आमच्या दुकानाच्या शेठना म्हणालो, “त्यांना एक फोन करा, बाजूला घेतील.”

“कायमचं गिऱ्हाईक हाय ते. सोहळा होऊ दे, मंग बघू. उगी दुश्मनी कशाला?”

मी हातापाया पडलो. शेठ हलले नाहीत.

सोहळा झाला, फ्लेक्स उतरला. खालचे बाबा उघडे पडले आणि त्याच दुपारी एका टेम्पोवाल्याचा सोपानला फोन आला. “ह्या बाबांना मीच फाट्यावर उतरवलं. मंठ्याच्या रस्त्यानं पायी गेल्ते. मी रोज इथूनच जातो, पण हे काही दिसलं न्हाई.”

त्या रस्त्याला एका कोरड्या नाल्यात बाबा सापडले. कालपर्यंत जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले.

सोपान पुन्हा आमच्याकडं आला, श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी. शेठ सवयीनं म्हणाले, “वर ‘भावपूर्ण’ टाक, मोठ्ठं.”

“काहीच टाकू नका,” सोपान म्हणाला. “नुसतं नाव टाका. फाट्यावर न्हाई लावायचं, घरात लावतो.”

फ्लेक्सच्या धंद्यात जो शेवटी ठोकतो त्याचंच दिसतं. खाली कोण आहे, हे विचारायची पद्धत नाही.