बांधापलीकडचा तुकडा

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, भावापाशी नाही, मायच्या फोटोला हार घालताना मनातल्या मनातसुद्धा नाही. कितीदा ओठांवर आलं आणि मी गिळलं. आता गिळायचं नाही असं ठरवलंय. तुम्ही फक्त ऐका.

माझी माय, बायजाबाई, मेंढरांमागे चालत म्हातारी झाली. ‘मेंढरांमागे’ म्हटलेलं तिला खपायचं नाही म्हणा — ती पुढे चालायची. वडील गेले तेव्हा माझा भाऊ अजून लहान होता. काकांनी कळप विकून टाकायचा सल्ला दिला, तर हिनं पदर खोचला आणि वडिलांची काठी उचलली. पावसाळा सरला की आमची चार-पाच घरं मेंढरं आणि सामानाची घोडी घेऊन सारंगखेड्याच्या बाजूला, तापीकाठच्या शिवारात उतरायची. अशा फिरत्या बिऱ्हाडांना आम्ही वाडा म्हणतो. शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतो. त्याला खत मिळतं, आम्हाला धान्य. माय तोंडानं फटकळ होती. पण कोकरू आजारी पडलं की त्याला स्वतःच्या गोधडीत घेऊन निजायची, आणि मी रुसले की हसून म्हणायची, “तू बी कोकरू व्हय, मंग तुलेबी लिसू.” मग तुलाही घेईन म्हणे.

पाहा, मी मायचंच सांगत बसले. माझं सांगायचंय ना?

वाड्यात एक रीत आहे. ज्वारी कापलेल्या रानात मेंढरं सोडण्याआधी कुणीतरी ते सगळं पायी फिरून पाहायचं. कापलेल्या धसकटांना कुठेकुठे कोवळे फुटवे येतात. मेंढरानं ते खाल्ले की किराळ लागते — विषच ते. पोट फुगतं, पाय ताठतात, आणि आपण गूळपाणी कालवेपर्यंत सगळं आटोपतं. हे फिरायचं काम मायचं होतं. तिनं ‘सोडा’ म्हटल्याशिवाय वाड्यातलं एकही मेंढरू बांध ओलांडत नसे. बाप्ये माणसंसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. तिला त्याचा केवढा अभिमान होता! आणि मलाही.

त्या दिवशीचं रान लांबलचक होतं, मधे बांध. ऊन चढत होतं, मेंढरं भुकेली होती. मायनं अलीकडचा तुकडा घेतला आणि मला बांधापलीकडचा दिला. पहिल्यांदाच दिला. माझं लग्न ठरलं होतं. बहुतेक तिला वाटलं असेल, पोर जायच्या आधी हे शिकून जाऊ दे.

मी बांध उतरले, निंबाच्या सावलीत बसले आणि होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

एवढंच. काय बोललो ते आज आठवतही नाही. मायनं पलीकडून हाक मारली तेव्हा मी उठून हात वर केला, म्हणजे साफ आहे. तिनं ‘सोडा’ म्हटलं.

थोड्याच वेळात पहिली मेंढी तोंड वासून पडली. मग दुसरी. मग मोजायला कुणाचं भान होतं? आमचीच नव्हे, वाड्यातल्या सगळ्यांचीच मेंढरं होती ती. काका रडत होते, भाऊ गुळाचं पाणी घेऊन धावत होता. आणि माय माझ्याकडे आली. रागावली नाही. नुसतं विचारलं, “तू समदं फिरनी ना वं तठे?”

मी हो म्हणाले.

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. उलट पावली स्वतःच्या तुकड्यात गेली आणि गुडघ्यांवर बसून, हातानं माती चाचपत, एकेक धसकट पाहू लागली. हिरवं काही सापडेना. सापडणार कसं — तिथं नव्हतंच! पण माझ्यावर तिचा इतका विश्वास, की तिनं उलटा अर्थ काढला. वाड्यासमोर येऊन म्हणाली, “मन्हा डोया गयात. मालेच दिसनं नही.”

माझे डोळे गेले, मलाच दिसलं नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती आणि मी बाजूलाच उभी होते.

लग्न मोडेल म्हणून घाबरले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले. खोटं आहे ते. कुणी काही मोडणार नव्हतं. माय दोन शिव्या देऊन, चार दिवस अबोला धरून गप्प झाली असती. वाड्यासमोर मान खाली घालायची नव्हती मला, बस्स. म्हणून तिला घालू दिली.

तिनं काठी काकांच्या हातात दिली आणि धानोऱ्याकडे आमचं गावातलं घर होतं तिथं दारात खाट टाकून बसली. पुन्हा वाड्याबरोबर गेली नाही. मी माहेरी जायचे तेव्हा बघायचे ना — रस्त्यानं कुणाचा कळप निघाला की ती लांबूनच ओळखायची. ती कबरी लंगडते, त्या काळीचा कान कापलेला आहे. सगळं बरोबर असायचं! आणि लगेच स्वतःच म्हणायची, “पन मन्हा डोयासनं काय खरं शे?” मी चहाचा कप तिच्या हातात द्यायचे. माय वारली त्याच्या आदल्या वर्षी तिनं एकदा पुन्हा विचारलं, “तुन्हा भाग साफ व्हता ना?” तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. कुणाची भीती होती मला? तरी मी हो म्हणाले.

अजून एक राहिलंय, आणि खरं तर तेच सांगायला मी एवढं फिरून आले.

त्या दिवशी सगळे मेलेली मेंढरं ओढत होते तेव्हा मी हळूच बांध उतरून गेले. शेजारच्या उसाच्या पाटाचं पाणी माझ्या तुकड्यात झिरपत होतं, आणि त्या ओलीला फुटवे होते. बरेच खाल्लेले, काही उरलेले. ते मी मुळासकट उपटले आणि नाल्यात फेकले. माय पलीकडे माती चाचपत होती, तेव्हाच. बांध आडवा नसता तर आम्ही दोघी एकमेकींना दिसलो असतो, दोघीही गुडघ्यांवर.

परवा भाऊबंदांत एक लग्न झालं. वाढताना एका मुलीच्या हातून कुणाचं तरी पान राहिलं, तर दुसरी हसून म्हणाली, “का वं, तुन्हा डोया बी बायजाबाईना मायक व्हयी ग्यात का?” तिनं मायला पाहिलेलंही नाही. बायजाबाईसारखे डोळे म्हटल्यावर सगळी पंगत हसली. वाड्यात मायचं नाव आता एवढ्यालाच निघतं.

मी जेवण टाकून उठले नाही. जेवले. पण तिथेच ठरवलं.

वाडा सध्या सारंगखेड्याजवळ उतरलाय. उद्या सकाळच्या एसटीनं मी जाणार आहे. मेंढरं सोडण्याआधी सगळे बांधावर जमतात तेव्हा. काका आहेत, भाऊ असेल, ती मुलगीही असेल. नंतर ते काय म्हणतील ते म्हणोत. इथं हे शाळेतल्या भाषेत सांगणं सोपं आहे. तिथं आमच्या बोलीत बोलावं लागेल, आणि ते आज दिवसभर शिलाई मशीनवर बसून मी घोकलंय:

“बायजाबाईना डोया चांगला व्हतात. शेत मी फिरनूच नही.”