चौतिसाव्या चालीची बरोबरी

अन्याय ठाकूरवाडीच्या सुमीवर झाला. खालापूरच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, चौतिसाव्या चालीला. करणारा मीच.

आज जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात त्या डावाच्या चाली लिहिलेला पिवळा पडलेला कागद सापडला. बाविसाव्या चालीला माझ्या उंटाला तिचा वजीर फुकट मिळत होता. वाडीतली पोर काय खेळणार, म्हणून मी पटाकडं नीट बघतच नव्हतो. चौतिसाव्याला मात्र तिचं प्यादं वजीर होणार, हे लख्ख दिसलं.

"बरोबरी घे गं, तुझी शेवटची एसटी जाईल."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं, मग पटाकडं. "चालंल, दादा."

अर्ध्या गुणानं जिल्ह्यासाठी तिची निवड हुकली, माझी झाली. माझं घर स्पर्धेच्या शाळेच्या मैदानापलीकडंच होतं.

उद्या मी वाडीवर जातोय. कुणाची अडचण हेरून तुम्हीही अशी बरोबरी मागितली असेल, तर जा आणि तोंडावर सांगा: जिंकत तू होतीस.