हायड्रोजन कुठला, ते आधी सांगा

बरोबर उत्तर दिलं म्हणून तुमच्या मुलीला वर्गात उभं केलं, तर तुम्ही कुणाची बाजू घ्याल?

सुरगाण्याच्या डोंगरातल्या आमच्या शाळेत विज्ञानाचे सर तासिका तत्त्वावर होते. घर सिन्नरला. आम्ही त्यांना ‘कुठलासर’ म्हणायचो. पदार्थाची अवस्था विचारली की आम्ही आधी उलट विचारायचं, कुठला? “ठिकाण कळल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही,” ही त्यांची शिस्त.

सायकलच्या पंपाचं तोंड ते कुणाला तरी अंगठ्यानं दाबून धरायला लावत आणि स्वतः दांडा रेटत. पंप तापायचा.

“लय गरम झालं, सर!”

“हा नुसता माझ्या हाताचा जोर. गुरू ग्रहाच्या पोटात हायड्रोजनवर अख्ख्या ग्रहाचा भार असतो. तिथे तो पाऱ्यासारखा पातळ धातू होतो, वीज वाहून नेतो. सूर्यात तर त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉनच सुटे होतात. तो प्लाझ्मा.”

मी दहावीत असताना तपासणीला साहेब आले. सरांची पुढची नेमणूक त्यांच्या शेऱ्यावर होती. साहेबांनी मलाच उठवलं. “हायड्रोजनची अवस्था?”

“कुठला, साहेब? इथला वायू. गुरूच्या पोटातला धातू.”

“साहेबाला प्रश्न विचारतेस? आणि धातू? कुणी शिकवलं हे?”

“मी,” सर मागून म्हणाले. “ती बरोबर आहे.”

“पुस्तकात वायू आहे. उभी राहा तास संपेपर्यंत.”

मी उभी राहिले.

दुपारी मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली आम्ही कान लावून बसलो.

“चुकीचं शिकवलं एवढं लिहून द्या, मिटलं,” मुख्याध्यापक म्हणाले. “ पोरांना काय गुरूवर राहायला जायचंय?”

“मी सही केली तर पोरगी खोटी ठरते, सर. मग ती परत तोंड उघडेल का?”

सही झाली नाही. नेमणूकही झाली नाही. शेवटच्या दिवशी मी जीपपाशी रडत होते. “माझ्यामुळं जाताय.”

सर खेकसले, “तू चुकलीस का?”

“नाय.”

“मग मोठ्यानं सांग.”

जीपमधली माणसं बघत होती. मी ओरडले, “नाय चुकले!” सर जीपमध्ये बसले. जीप घाट उतरून गेली.

तेव्हापासून आमच्या शाळेत विज्ञानाचा तास रिकामा जातो. मला आता अठरा पूर्ण झाली आहेत. सरांना परत बोलवा, असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. तुमची मुलं त्या शाळेत असतील तर या. मागे उभे राहू नका. पुढे बसा आणि हात वर करा.